पाच बोटं, पाच स्वर

म्हापशात तार नदीकडे उतरताना
खताच्या दुकानावर एक खोली आहे.
सोमवारी आणि गुरुवारी तिथे आमचं इंग्रजी.
भिंतींना युरियाचा वास,
एर्मेलिंदा टीचरना कायमचा खोकला.

बसप्पा गदगचा, फरशी बसवतो.
दोघी बहिणी हणजुणेला खोल्या झाडतात,
एकमेकींचीच चुकलेली उत्तरं चोरतात.
मी ज्ञानदा गावस, सत्तरीची,
कळंगुटच्या हॉटेलात चादरींना इस्त्री करते.
पुढे जायचं तर बोलता आलं पाहिजे,
असं मॅनेजर म्हणाला.
चादरी माझ्याशी अजून काही बोललेल्या नाहीत.

माय नेम इज.
इथवर सगळे धडाधड येतात,
मग स्वतःच्याच नावाशी येऊन अडखळतात.
माझ्या नावाच्या सुरुवातीला
इंग्रजीत एक डी लावतात,
तो कुणीच उच्चारत नाही,
पाहुणे मात्र नेमका तोच उच्चारतात.
आणि ई म्हणजे कुठलं अक्षर, आय म्हणजे कुठलं,
हे मला फळ्यासमोर उभं केलं की
हमखास उलटं आठवतं.

एका गुरुवारी टीचरांचा आवाजच बसला.
त्यांनी खिडकीतून डस्टर हलवलं.
खाली इनास होता, पोदेराचा धाकटा,
सायकलवर पावांची टोपली, निळं प्लास्टिक,
हँडलला रबरी भोंगा.
तो भोंगा त्याला ऐकू येत नाही.
मुठीत हवा दबते,
मग दारं उघडतात,
त्यावरून त्याला कळतं, वाजला म्हणून.

वर आला. हात पिठाचे.
डावा पंजा आमच्यासमोर उघडला
आणि उजव्या बोटाने एकेका टोकाला शिवला :
अंगठा, ए.
तर्जनी, ई.
मधलं बोट, आय.
अनामिका, ओ. करंगळी, यू.

एवढंच?
मी माझ्या बोटांकडे पाहिलं.
चाळीस रुपयांची वही घेतली होती मी
आणि हे सगळं आधीच हाताला होतं.
ई आणि आय शेजारी राहतात,
पण आता कुणाचं घर कुठलं
ते अंधारातसुद्धा सांगेन.

तळव्यावर दोन बोटं टेकली की एन.
करंगळीत करंगळी अडकवली की एस,
बसप्पा हसला, ही तर आमची कट्टी.
त्याची बोटं सिमेंटने तडकलेली, नीट वाकत नव्हती,
इनासने ती एकेक धरून वाकवली,
बिघडलेली कडी सरळ करावी तशी.

मग त्याने विचारलं :
तू, नाव, काय.
काय शेवटी. भुवयांसकट.
मध्ये इज नाही, आर नाही,
ज्याच्यावरून मी दोन महिने बोलणी खाल्ली
ते काहीच नाही.
आम्ही घरी असंच विचारतो, मी टीचरना म्हटलं.
टीचरनी खडूने पाटीवर लिहिलं :
परीक्षेत इज लागेल.

मी माझं नाव बोटांनी लिहिलं.
डी आला. न बोलता आला,
सगळ्यांसारखाच दिसला.
खूप वेळ लागला, कुणी मध्ये सुचवलं नाही,
कारण सुचवायचं तर हात रिकामे हवेत
आणि सगळ्यांचे हात माझ्याबरोबर चालले होते.

इनासने मान डोलावली. मग नको नको केलं. लांब आहे.
माझ्या मनगटाकडे बघितलं,
जिथे इस्त्रीचा डाग आहे, चिंचोक्याएवढा,
आणि स्वतःच्या मनगटावर
दोन बोटं टेकवून चटकन उचलली,
चटका बसल्यासारखी.
ही तू.

मी तो डाग बाहीखाली लपवत आले होते.
त्या दिवशी शेवटच्या कदंबात
खिडकीच्या दांडीला धरून उभी होते,
बाही कोपरापर्यंत वर.

अजून मला बढती मिळालेली नाही.
टीचरांचा आवाज परत आला, खोकल्यासकट.
पण सहा वाजता खालून भोंगा ऐकू आला
की सातही जण खिडकीशी जातो
आणि तो वर बघून
एकेकाला नावाने हाक मारतो.